दोन डोंगरांमधील हवा

पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हा सिद्धान्त आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे कीं, त्याविषयीं शंका काढणारास वडील मंडळी सरळ आळशांच्या यादींत घालतात. सूर्योदयापूर्वीं उठावें, माजघराच्या खिडक्या सताड उघडाव्या, मोकळ्या रस्त्यानें दोन मैल चालून यावें, हा उपदेश आम्ही लहानपणीं ऐकला आणि पुढें लहानांस केलाही. समुद्रकांठच्या गांवीं, किंवा जेथें वस्ती विरळ व चुली थोड्या तेथें, तो आजही बहुतांशीं खरा आहे. परंतु आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंत औरंगाबाद हें नांव असलेल्या शहरांत, आणि त्यांतही शहागंजासारख्या दाट पेठेंत, कार्तिकापासून माघापर्यंत चार महिने हा सिद्धान्त उलटा पडतो. त्या दिवसांत अहोरात्रांतील सर्वांत मळकट हवा पहाटेचीच असते, आणि सर्वांत निर्मळ हवा मिळते ती ज्या वेळीं घरची मंडळी जेवून वामकुक्षी करीत असतात त्या वेळीं! हें असें कां होतें, हें समजून घेतल्यास घरांतील दमेकरी वृद्धांचा व शाळेंत जाणाऱ्या मुलांचा बराच त्रास वांचेल, म्हणून हा लेख.

प्रथम शहराची घडण पाहूं. उत्तरेस डोंगरांची एक रांग आहे. बीबीच्या मकबऱ्यामागें तिच्याच कुशींत औरंगाबादचीं लेणीं कोरलेलीं आहेत. दक्षिणेस साताऱ्याचे डोंगर असून त्यांच्या पायथ्याशीं खंडोबाचें प्रसिद्ध देवालय आहे. (हा सातारा निराळा, छत्रपतींच्या गादीचा सातारा नव्हे, हें परगांवच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे.) ह्या दोन रांगांच्या दरम्यान सुमारें १० मैल रुंदीचें सपाट खोरें आहे व शहर त्यांत वसलें आहे. पूर्वेस, चिकलठाण्याच्या अंगाला, खोरें मोकळें आहे. पश्चिमेस मात्र उत्तरेची रांग वळसा घेऊन दौलताबादेच्या बाजूनें दक्षिणेकडे उतरते. म्हणजे एका बाजूची कड फुटलेली बशी असावी, तसा हा आकार. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंचीवर, आणि वेरूळच्या वाटेवरील खुलताबादेवरून पुढें चढून गेल्यास म्हैसमाळचें पठार सुमारें ३,५०० फुटांवर.

काठमांडूप्रमाणें चोहोंकडून उंच पर्वतांनीं कोंडलेली दरी ही नव्हे, हें येथेंच स्पष्ट केलेलें बरें. आमचे डोंगर ठेंगणे आहेत व खोरें ऐसपैस आहे. जोराचा वारा सुटला तर हे डोंगर त्यास मुळींच अडवूं शकत नाहींत. त्यांचें खरें काम चालतें तें वारा पडलेला असतांना, रात्रीं आणि गुपचूप.

ह्या डोंगरांच्या उतारांचा उपयोग आमच्या शहरानें फार पूर्वींच करून घेतलेला आहे. १६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी गांवीं नवें शहर वसविलें, तेव्हां पाण्याची मोठी पंचाईत होती. त्यानें उत्तरेकडील डोंगरपायथ्याचें भूमिगत पाणी बंदिस्त नळांतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तींत आणून खेळविलें. तीच नहरे-अंबरी. पुढें अठराव्या शतकांत अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचें जातें फिरूं लागलें. ना बैल, ना मोट. पाणी आपोआप उतारानें यावें व आपोआप काम करावें, ही त्यांतील खुबी. आतां वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण हिवाळ्यांतील प्रत्येक निरभ्र व निवांत रात्रीं त्याच उतारांवरून आणखी एक नहर शहरांत उतरत असते. ती पाण्याची नसून गार हवेची असते.

सूर्य मावळला कीं, डोंगराचे उघडेबोडके काळे खडक दिवसभर सांठविलेली उष्णता आकाशाकडे टाकूं लागतात. आकाशांत ढग नसले म्हणजे ती परत येत नाहीं. खडक निवाला कीं, त्यास चिकटलेली हवा निवते. निवाली कीं, जड होते. आणि जड झाली कीं, पाण्याप्रमाणेंच सखल जागा शोधीत खालीं सरकूं लागते. उत्तरेच्या डोंगरांतून निघून शहराच्या पश्चिम अंगानें वाहणारी खाम नदी, पूर्वेकडील सुखना, आणि त्यांना मिळणारे लहानमोठे नाले हे तिचे ठरलेले मार्ग आहेत. ऐन हिवाळ्यांत पहाटे पाणचक्कीजवळ खामेच्या पुलावरून जाणारास एकाएकीं जो गारठा झोंबतो, तो ह्या ओघळाचाच होय. ही हवा बशीच्या तळाशीं येऊन पसरते आणि सकाळपर्यंत तेथेंच पडून राहते.

एवढ्यानें कांहीं बिघडलें नसतें. गार हवा वाईट नव्हे. परंतु तिच्या योगानें हवेच्या थरांची मांडणीच उलटी होते. एरव्हीं दिवसा जमीन तापलेली असते व वर जावें तसतशी हवा थंड होत जाते. कोरड्या हवेचा एखादा लोट वर चढूं लागला, तर दर १०० मीटरांस सुमारें १ अंश सेंटिग्रेड ह्या प्रमाणांत तो निवत जातो. तरी भोंवतालची हवाही तितकीच किंवा अधिक निवालेली असल्यामुळें त्याचें चढणें थांबत नाहीं. चुलीचा धूर, मोटारींचा धूर, रस्त्याची धूळ हें सारें त्याच्याबरोबर वर जातें व विरून जातें. हिवाळ्याच्या रात्रीं ह्याच्या अगदीं उलट प्रकार होतो. जमिनीलगत गार हवा, आणि तिच्यावर शेंदोनशें मीटरांच्या उंचीवर ऊबदार हवेचा थर. खालचा धूर थोडासा चढतो, वाटेंत निवतो, भोंवतालच्या ऊबदार हवेहून जड ठरतो आणि पुन्हां खालीं बसतो. शास्त्रज्ञ ह्या स्थितीस तापमानाचें व्युत्क्रमण म्हणतात; आपण घरगुती भाषेंत झांकण म्हणूं.

झांकण किती उंचीवर आहे, ह्यावर सारें अवलंबून असतें. चमचाभर मीठ हंडाभर पाण्यांत टाकलें तर जिभेला कळणारही नाहीं. तेंच तांब्याभर पाण्यांत टाकलें तर तोंड वेडेंवांकडें होईल. मीठ तेवढेंच, पाणी मात्र कमी. वैशाखाच्या दुपारीं आमच्या शहरावर जी हवा ढवळली जाते, तिची उंची दोन-तीन किलोमीटरांपर्यंत जाते. पौषांतील पहाटे तीच दोनशें मीटरांत आटोपते. म्हणजे शहरानें धूर तेवढाच सोडला तरी तो दहा-पंधरा पट घट्ट होऊन आपल्या नाकापाशीं राहतो. आणि दुर्दैव असें कीं, झांकण ज्या वेळीं सर्वांत खालीं असतें, नेमक्या त्याच वेळीं शहर जागें होऊन धूर सोडूं लागतें.

हें सर्व डोळ्यांनीं पाहण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांतील एखाद्या सकाळीं सातच्या सुमारास लेण्यांच्या पायऱ्या चढून मागें वळून पहावें. वर आकाश निळें, डोंगरावर कोंवळें ऊन, आणि खालीं शहरावर राखी रंगाची एक चादर अंथरलेली. मकबऱ्याचे मिनार व घुमट तिच्यांतून धूसर दिसतात. चादरीची वरची कड सुरीनें कापल्यासारखी सरळ असते. ती कड म्हणजेच झांकण. आम्हीं हें दृश्य अनेक वेळां पाहिलें आहे, व दर वेळीं मनांत हाच विचार येतो कीं, आतां आपल्याला पुन्हां त्या चादरीखालीं उतरावयाचें आहे. साडेनऊ-दहा वाजले कीं, ती कड फाटूं लागते, जमिनीवरून तापलेले लोट वर चढतात आणि अकरापर्यंत बहुधा तिचा मागमूस उरत नाहीं.

संक्रान्तीला पतंग उडविणारीं आमच्या शहरांतील मुलें ही गोष्ट पुस्तक न वाचतां जाणतात. भल्या पहाटे गच्चीवर जाऊन मांजा सोडला तर पतंग उठतच नाहीं. दहा-साडेदहानंतर मात्र हाताला ओढ लागते. हिवाळ्यांत आमच्याकडे वारा मंद असतो. सकाळीं तो बहुधा पूर्वेकडून, ईशान्य ते आग्नेय ह्या दिशांनीं, सरकत असतो आणि दुपारीं पुष्कळदां फिरून पश्चिमेकडचा होतो. ज्या हवेंत पतंग उठत नाहीं, त्या हवेंत धूरही उठत नाहीं, एवढें आजोबांनीं नातवाकडून शिकण्यासारखें आहे.

वर्षाचा फेरा ह्या दृष्टीनें पाहिला तर मृगापासून हस्तापर्यंतचा काळ सुखाचा. येथें सरासरीनें वर्षाकांठीं २८-२९ इंच पाऊस पडतो व तो बहुतेक ह्याच दिवसांत. पावसानें हवा धुऊन निघते, असें आपण म्हणतों; परंतु पावसाला मिळणाऱ्या ह्या श्रेयांतील अर्धा वांटा वाऱ्याला व ओल्या मातीला द्यावयास पाहिजे. थेंब पडतांना जाड धूळ खालीं आणतो. अतिशय बारीक कण मात्र थेंबाच्या भोंवतालच्या हवेबरोबर बाजूला सरकून पुष्कळसे निसटतात. खरा उपकार हा कीं, नैर्ऋत्य व पश्चिम दिशांचा जोराचा वारा सारें खोरें झाडून काढतो आणि जमीन भिजलेली असल्यानें नवी धूळ उठत नाहीं. ढगांचें पांघरूण असल्यामुळें रात्रीं खडकही फारसे निवत नाहींत, म्हणून झांकण पडत नाहीं.

आश्विनांत पाऊस माघारी गेला कीं, चित्र पालटतें. आकाश निवळतें, वारा पडतो, रात्रीं लांबत जातात. आणि दिवाळी येते तीही नेमकी ह्याच संधीस. फटाक्यांचा धूर फक्त दिवाळीपुरता, चार घटका सोसावा, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. तोच फटाका श्रावणांत वाजविला तर त्यांचें म्हणणें कदाचित् खपलें असतें. अमावास्येच्या निवांत रात्रीं सोडलेला धूर मात्र दुसऱ्या दिवशीं अभ्यंगस्नान व फराळ आटोपेपर्यंत गल्लींतच असतो. पुढें कार्तिक ते माघ झांकणाचे महिने. माघ-फाल्गुनांत निंबाचीं व पिंपळाचीं पानें गळूं लागतात, अंगणें झाडून ढीग पेटविले जातात, आसपासच्या शेतांत कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात. चैत्र-वैशाखांत पश्चिम-वायव्येचा तापलेला वारा सुटतो. धूळ तेव्हां डोळ्यांत जाते, कपडे मळतात, गृहिणी त्रासून जातात. परंतु ती धूळ जाड असते, नाकाच्या केसांत व घशाच्या चिकट ओलाव्यांत तिचा बराच भाग अडकून पडतो. उन्हाळ्याची हवा दिसावयास वाईट, हिवाळ्याची सोसावयास वाईट, असा आमचा अभिप्राय आहे.

हा जाड व बारीक कणांचा भेद नीट ध्यानांत ठेवावयास हवा. माणसाचा केस साधारणतः ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनांहून लहान कण नाकाचा पहारा चुकवून श्वासनलिकेंत शिरतात. अडीच मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसाच्या अगदीं शेवटच्या कोशांपर्यंत पोंचतात, व त्यांतील अति सूक्ष्म ते रक्तांतही उतरतात. ज्वलनापासून, म्हणजे लांकूड, डिझेल, कचरा, फटाका ह्यांच्या धुरापासून, जे निघतात ते मुख्यतः हे दुसऱ्या जातीचे. भारत सरकारनें २००९ मध्यें ठरविलेल्या मानकाप्रमाणें एका घनमीटर हवेंत ह्या बारीक कणांची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमांहून अधिक असूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें हीच मर्यादा ५ वर आणली. जाड कणांसह मोजावयाचें तर आपलें मानक ६० व तिचें १५. जानेवारी २०१९ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आंखला, तेव्हां मानकांत सतत नापास ठरणाऱ्या १०२ शहरांची यादी प्रसिद्ध झाली. आमचें शहर त्या यादींत आहे. नहरीच्या पाण्यासाठीं एके काळीं नांवाजलेल्या गांवास ही कीर्ति शोभणारी नव्हे.

आतां शहागंजाकडे वळूं. जुन्या तटाच्या आंतील ही पेठ. मध्यें घड्याळाचा मनोरा, त्याभोंवतीं फळांच्या व भाज्यांच्या हातगाड्या, कापडाचीं दुकानें, रिक्षांची दाटी. एकीकडे राजाबाजारांत संस्थान गणपती, दुसरीकडे सराफा व सिटी चौक. गल्ल्या इतक्या अरुंद कीं, समोरासमोरच्या सज्जांतून हातानें वाटी देतां यावी. अशा ठिकाणीं बशींतील बशी तयार होते. वारा आलाच तर घरांच्या माथ्यावरून निघून जातो, गल्लींत उतरत नाहीं. जणूं घरांच्या दोन रांगा म्हणजे धाकटे डोंगर, व गल्ली म्हणजे धाकटें खोरें. पहाटे पांचपासून येथें काय काय पेटतें पहा. नानच्या भट्ट्यांत लांकडें, चहाच्या टपऱ्यांवर शेगड्या, हमालांच्या व रात्रपाळीच्या मंडळींच्या शेकोट्या, आणि कांहीं जुन्या वाड्यांतून अद्यापि टिकून असलेले पाण्याचे बंब. सात वाजतां शाळेच्या रिक्षा सुरू होतात. त्याच्या थोडें आधीं रस्ते झाडणारे कोरड्या खराट्यांनीं कालची सगळी धूळ पुन्हां हवेंत उडवून ठेवतात! रात्रीं दुकानें मिटतांना रिकामीं खोकीं, गवत, कागद ह्यांची होळी करून जाणारेही थोडे नाहींत. ह्यांतील एकेक बाब क्षुल्लक दिसते. परंतु दोनशें मीटरांच्या झांकणाखालीं क्षुल्लक असें कांहीं नसतें.

पश्चिमेस वाळूज व पूर्वेस चिकलठाणा-शेंद्रा अशा उद्योगवसाहतींच्या मधोमध शहर सांपडलें आहे. हिवाळ्याच्या सकाळीं पूर्वेचें मंद वारें चिकलठाण्याकडची हवा जुन्या शहरावर आणतें, दुपारीं पश्चिमेचें वारें वाळुजेकडची. तथापि दुपारच्या वेळीं हवा पुष्कळ उंचीपर्यंत ढवळली जात असल्यामुळें पश्चिमेकडून येणारें तितकें बाधत नाहीं. जागा निवडतांना वाऱ्याचा विचार कोणीं किती केला होता, हें आतां उकरून उपयोग नाहीं.

पूर्वेकडून काय येऊं शकतें, ह्याचा धडा शहरास २०१८ मध्यें मिळाला. कित्येक वर्षें साऱ्या शहराचा कचरा पूर्वेस नारेगांवजवळच्या डेपोवर टाकला जात असे. त्याच्या दुर्गंधीस व धुरास कंटाळलेल्या भोंवतालच्या गांवकऱ्यांनीं फेब्रुवारी २०१८ मध्यें गाड्या अडविल्या, आणि मग कचरा शहराच्या रस्त्यारस्त्यांवर सांठूं लागला. पुढल्या महिन्यांत मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हां दंगल उसळली. जागोजाग ढीग, आणि ढीग कमी करण्याचा सर्वांत सोपा म्हणून आगकाडीचा उपाय! त्या दिवसांत चौकाचौकांत प्लॅस्टिकचा उग्र वास भरून राहिलेला असे. नारेगांवच्या लोकांनीं वर्षानुवर्षें जें सोसलें, तें शहरास कांहीं आठवडे चाखावयास मिळालें, असेंही म्हणतां येईल.

खोरें, थंडी व धूर ह्या त्रयीनें जगांत काय अनर्थ केले आहेत, तेंही थोडक्यांत पाहूं. बेल्जमांत म्यूज नदीच्या अरुंद खोऱ्यांत कारखान्यांची रांग होती. १९३० च्या डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यांत तेथें दाट धुकें पडलें, झांकण उठेना, आणि सांठ-पांसष्ट माणसें दगावलीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील डोनोरा गांव नदीच्या वळणांत, टेकड्यांच्या मध्यें आहे. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर जस्ताच्या कारखान्याचा धूर तेथें असाच कोंडला व २० माणसें मेलीं. अखेर पावसानें हवा मोकळी केली. लंडनला डोंगर असे नाहींत, तेथें टेम्सचें उथळ खोरें आहे. तरीही ५ ते ९ डिसेंबर १९५२ च्या धुरकटींत सुमारें ४,००० लोक मेल्याचा अंदाज त्या वेळीं झाला, व पुढच्या अभ्यासकांनीं हा आंकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्यें तेथें शुद्ध हवेचा कायदा आला. ह्या सर्व ठिकाणीं डोंगर व थंडी पूर्वीं हजारों वर्षें होतीच. नवा होता तो धूर. आमच्या खोऱ्यांत तसा प्रसंग येईल असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या हिवाळ्यांतील ऊन दररोज दहाच्या सुमारास झांकण फोडतें, तेथें तें चार-पांच दिवस फुटलेंच नव्हतें. आमचें दुखणें निराळें आहे. तें एका दिवसांत मारीत नाहीं. आजोबांचा खोकला फाल्गुनापर्यंत हटत नाहीं, नातीला रात्रीं दम लागतो, डॉक्टर दरसाल त्याच महिन्यांत तीच औषधें लिहून देतात, आणि घरांतील सर्वजण म्हणतात कीं, थंडी बाधली. थंडीचा त्यांतील भाग नाकारतां येत नाहीं. पण थंडीबरोबर येणाऱ्या धुराचें नांव कोणी घेत नाहीं.

आमच्या पूर्वजांस ह्या विचाराचें वावडें नव्हतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साऱ्या मुलखावर एकदम येणाऱ्या रोगराईचा, अध्याय आहे. त्यांत वायु, उदक, देश व काल हीं चार बिघडलीं म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीच्या लोकांसही एकाच वेळीं रोग गांठतो, असें प्रतिपादन आहे. देश म्हणजे भूमि, काल म्हणजे ऋतु. हवा ही सुटी वस्तु नसून ती भूमीवर व ऋतूवर अवलंबून आहे, ही दृष्टि त्यांत आहे. तेव्हां पहाटेच्या हवेचा जुना नियम आमच्या खोऱ्यांत आणि आमच्या काळांत तपासून घेणें ह्यांत शास्त्राचा अवमान होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

मग वृद्धांनीं फिरावयास जाणें सोडावें काय? मुळींच नाहीं. चालण्यापासून होणारा लाभ मोठा आहे. फक्त वेळ बदलावी. कार्तिक ते माघ सकाळचें फिरणें नऊ-साडेनऊनंतर ठेवावें, किंवा त्याहूनही बरें म्हणजे दुपारीं चार ते साडेपांच ह्या वेळेंत उरकावें. सूर्यास्तानंतर पुन्हां झांकण पडूं लागतें, म्हणून देवळांतील सांजारती आटोपून तसेंच लांब फेरफटका मारणें टाळावें. आषाढांत किंवा वैशाखांत खुशाल पहाटे जावें. आमच्या परिचयाच्या एका घरीं ह्या प्रश्नावर बरेच दिवस खल चालला होता. आजोबा चाळीस वर्षांचा नेम मोडावयास तयार होईनात, व सूनबाईंना सासऱ्यांस स्पष्ट सांगणें अवघड. शेवटीं दमेकरी आजींनींच निकाल दिला कीं, नेम चालण्याचा आहे, घड्याळाचा नव्हे. तेव्हांपासून पौषांत आजोबा पूजा आधीं करतात आणि मग बाहेर पडतात.

घराच्या खिडक्यांचेंही तसेंच. हिवाळ्यांत पहाटे सर्व दारें-खिडक्या उघडून 'ताजी हवा' आंत घेण्याची चाल मोडावी. सकाळीं दहा-अकरापासून दुपारीं पांचपर्यंत तीं उघडीं असावींत. वाड्याचा चौक ह्या कामीं फार उपयोगी. दुपारीं तापलेली हवा चौकांतून वर जाते व ओटीच्या बाजूनें नवी आंत येते. रात्रीं मात्र तोच चौक गार हवेची विहीर होतो, म्हणून बंब चौकांत पेटवूं नये. त्याचा धूर माजघर सोडून दुसरीकडे जात नाहीं. आतां गॅस व विजेचीं साधनें घरोघर असतां बंबाचा हट्ट कशासाठीं, हें आम्हांस कळत नाहीं. पितळेचा बंब घांसूनपुसून दिवाणखान्यांत ठेवावा, शोभेल. फोडणी, उदबत्ती, धूप, डांसांची अगरबत्ती ह्यांचा धूर हा धूरच आहे, तो पवित्र असो वा उपयुक्त असो. जेथें लहान मूल अगर दमेकरी निजतो तेथें तो कोंडूं नये, स्वयंपाकघराची खिडकी त्या वेळेपुरती तरी उघडावी. केर काढतांना कोरडी केरसुणी फिरविण्यापूर्वीं ओला फडका फिरवावा. नाकाला पदर किंवा उपरणें लावल्यानें जाड धूळ अडते, बारीक कण नाहींत. त्यांच्यासाठीं एन ९५ जातीची मुखपट्टी लागते, व तीही नाकाशीं घट्ट बसली तरच.

घरापलीकडच्या गोष्टी मोहल्ल्यानें व नगरपालिकेनें करावयाच्या. रस्ते पाण्याचा शिडकावा करून मग झाडावे, किंवा कोरडें झाडणें दुपारच्या वेळीं ठेवावें. खर्च तोच, परिणाम निराळा. पूर्वीं पखालीनें रस्ते शिंपीत, त्यांत शहाणपण होतें. भट्टीवाल्यांस लांकडाऐवजीं गॅसकडे वळण्यासाठीं सवलत व मुदत द्यावी. केवळ दंड केल्यास गरिबाचा धंदा बुडेल आणि भट्टी दुसऱ्या गल्लींत जाऊन पेटेल. खाम व सुखना ह्यांचीं पात्रें, नाले व डोंगरपायथे बांधकामानें बुजवूं नयेत. पाण्याचा ओघळ बुजविला तर पूर येतो हें सर्वांस समजतें. हवेचा ओघळ बुजविला तर काय होतें, तें दिसत नाहीं एवढेंच. हिवाळ्यांत शाळा तासभर उशिरां भरविणें हा आमच्या मतें सर्वांत स्वस्त व ताबडतोब करण्याजोगा उपाय आहे. पालकांच्या व शिक्षकांच्या नोकरीच्या वेळा आड येतात, ही अडचण खरी. पण ती एका बैठकींत सुटण्यासारखी आहे, आणि पालकसभांत आजवर ह्याहून फुटकळ विषयांवर अधिक वेळ गेलेला आम्हीं पाहिला आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळें सारें बंद झालें, तेव्हां शहागंजांतील उंच गच्च्यांवरून उत्तरेचे डोंगर असे स्पष्ट दिसत होते कीं, मुलें त्यांवरचीं झाडें मोजूं लागलीं. त्याचा दाखला आजही पुष्कळजण देतात. मात्र तो चैत्र होता, झांकण तेव्हां आधींच उंच उचललेलें होतें. वाहनें नाहींत व कारखाने नाहींत अशी पौषांतील सकाळ कशी दिसेल, हें अद्याप कोणीं पाहिलेलें नाहीं.

हवा मोजण्याचीं यंत्रें आतां शहरांत आहेत व त्यांचे आंकडे रोज प्रसिद्ध होतात. घरांतील तरुणांनीं ते पाहून वडिलांस सांगावेत. ज्यांस आंकड्यांचा कंटाळा असेल त्यांच्यासाठीं एक सोपी खूण आहे. सकाळीं गच्चीवर जाऊन दूरच्या एखाद्या धुराड्याकडे किंवा भट्टीच्या धुराकडे पहावें. धूर उसळत, गुंडाळत वर जाऊन विरत असेल, तर खिडक्या उघडाव्या व फिरावयास निघावें. तो थोडासा वर चढून, छताला टेकल्यासारखा थांबून, आडवा पसरूं लागला असेल, तर आणखी दोन तास घरांत थांबावें व तोंवर मुलांचा अभ्यास घ्यावा.